घाटकोपरच्या गच्चीवरून जाणारी विमाने आणि ‘आवाज मर्यादेत आहे’ हे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटकोपर पश्चिमेला असल्फा परिसरातील एका सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, की गेल्या काही महिन्यांत विमाने पूर्वीपेक्षा खालून जाऊ लागली आहेत, रात्री दोन-अडीचलाही थांबत नाहीत, त्यांच्या ८१ वर्षांच्या आईची झोप एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. सोसायटीने ४० सह्यांचे निवेदन दिले, मोबाइलवर ९२ डेसिबल दाखवणारा फोटो जोडला आणि निवासी भागाची ५५ व ४५ डेसिबलची मर्यादा ओलांडली जात असल्याचे लिहिले. ‘आवाज विहित मर्यादेत आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. आता पुढे काय करावे?

ध्वनिमापनाच्या कामात मी बावीस वर्षे आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे मुंबई विमानतळाच्या दोन्ही टोकांच्या वस्त्यांमध्ये गेली आहेत. तुमचा त्रास खरा आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तुमच्या निवेदनात मात्र तीन गोष्टी अशा आहेत, की ज्यांच्यामुळे ते वाचणाऱ्याला एका ओळीत हातावेगळे करता आले. आधी त्या तीन गोष्टी पाहू, म्हणजे पुढच्या पत्रात काय मागायचे हे आपोआप स्पष्ट होईल.

पहिली गोष्ट मर्यादेची. ५५ आणि ४५ हे आकडे ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधले आहेत आणि निवासी क्षेत्रासाठी ते बरोबरच आहेत. परंतु केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये विमानतळांसाठी वेगळी अधिसूचना काढली. वर्षाला ५०,०००पेक्षा जास्त विमान-हालचाली (उड्डाणे आणि उतरणी मिळून) असलेला विमानतळ तिच्यात ‘गजबजलेला’ मानला जातो आणि त्याच्या ध्वनिक्षेत्रात सकाळी सहा ते रात्री दहा ७० डेसिबल, तर रात्री दहा ते सकाळी सहा ६५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मुंबई हा आकडा दोन महिन्यांतच ओलांडते. म्हणजे तुम्ही एका नियमावर बोट ठेवले आणि उत्तर दुसऱ्या नियमाने आले. रात्रीच्या मर्यादेत २० डेसिबलचा हा फरक न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत विमानांच्या रात्रीच्या आवाजासाठी ४० डेसिबलची शिफारस आहे. ती पाहता आपली ६५ची मर्यादा फार सैल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते धोरण बदलण्याचे भांडण आहे. तक्रारअर्जात आज लागू असलेलाच आकडा लिहावा लागतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ७० आणि ६५ या मर्यादा एका विमानाच्या आवाजाच्या नाहीत, त्या सरासरीच्या आहेत. रात्रीच्या आठ तासांत कानावर आलेली सगळी ध्वनिऊर्जा एकत्र करून ती आठ तासांवर सारखी पसरली, तर जी पातळी येईल ती समतुल्य ध्वनिपातळी, म्हणजेच एलईक्यू. तुमचा ९२ हा आकडा एका क्षणाचा शिखरबिंदू आहे. तो अगदी अचूक मोजलेला असता, तरी त्याची तुलना ६५शी करता येत नाही, आणि हे समोरच्या अधिकाऱ्याला चांगले ठाऊक असते.

ही सरासरी कशी फसवते, ते एका हिशेबाने दाखवतो. समजा, विमानमार्गाच्या थोड्या बाजूला असलेल्या घरात प्रत्येक उतरणाऱ्या विमानाची एकूण ध्वनिऊर्जा, एका सेकंदात गोळा केली असता, ९० डेसिबल भरते. रात्रीच्या आठ तासांत अशी ८० विमाने गेली. डेसिबलची पट्टी साध्या बेरजेची नसून लॉगरिदमची असते, म्हणून ८० विमानांचे १९ डेसिबल वाढतात आणि २८,८०० सेकंदांवर ती ऊर्जा पसरल्याने ४४.६ वजा होतात. उत्तर येते ६४.४. मर्यादा ६५. कागदावर सगळे ठीक, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र रात्रभरात ८० वेळा जाग येऊ शकते. आता यातली निम्मी विमाने काढून टाका. झोपणाऱ्याच्या दृष्टीने रात्र पार पालटली, पण सरासरी फक्त ३ डेसिबलने उतरून ६१.४ होते. म्हणून मी नेहमी सांगतो, की रात्रीच्या झोपेचे भांडण सरासरीच्या आकड्यावर लढू नका, ते मोजणीवर लढा. ऑस्ट्रेलियात यासाठी एन-७० नावाचे मोजमाप पुढे आले. ७० डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारी विमाने किती गेली, एवढेच ते सांगते. सामान्य माणसाला ते लगेच कळते आणि अधिकाऱ्यालाही ते नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट ‘विमाने खालून जातात’ या वाक्याची. गेल्या बावीस वर्षांत मी हे वाक्य सर्वाधिक वेळा ऐकले आहे आणि ते बोलणारे लोक खोटे बोलत नसतात. पण तुमच्या घरावरून जाणारी विमाने २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरणारी आहेत. शेवटच्या टप्प्यात ती तीन अंशांच्या ठरलेल्या उतारावरून येतात. धावपट्टीच्या सुरुवातीला विमान साधारण १५ मीटर उंचीवर असते आणि मागे प्रत्येक किलोमीटरला सुमारे ५२ मीटर वर. तुमची इमारत त्या टोकापासून तीन किलोमीटरवर धरली, तर विमान धावपट्टीच्या पातळीपासून सुमारे १७० मीटरवर असणार. तुम्ही सातव्या मजल्यावर राहता आणि असल्फ्याला जमीनही चढाची आहे. तेव्हा तुमच्या गॅलरीपासून ते शंभर-सव्वाशे मीटरवरून जाते. चौतीस मीटर पंखांचे विमान एवढ्या अंतरावरून गेले की त्याच्या पोटावरची अक्षरे वाचता येतात. ते भीतिदायक वाटते, पण ती उंची काल होती तीच आज आहे.

तुम्ही सोबत पाठवलेले फोनवरचे दोन स्क्रीनशॉट मी नीट पाहिले. जुलैमध्ये तुमच्या इमारतीवर विमानाची उंची ८५० फूट दिसते आणि जानेवारीत ६०० फूट. यावरूनच तुम्ही निष्कर्ष काढला, हे समजण्यासारखे आहे. पण विमानांचा माग दाखवणारी बहुतेक अ‍ॅप हवेच्या दाबावरून काढलेली उंची दाखवतात, तीही समुद्रसपाटीचा दाब १०१३ मिलिबार आहे असे धरून. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००४च्या आसपास उतरतो, जानेवारीत तो १०१३च्या जवळ असतो. एका मिलिबारला साधारण २८ फूट या हिशेबाने जुलैत पडद्यावरची उंची खऱ्या उंचीपेक्षा सुमारे २५० फूट जास्त दिसते. म्हणजे तुमच्या दोन्ही चित्रांतले विमान एकाच उंचीवर आहे. हे स्क्रीनशॉट पुढच्या पत्राला जोडू नका, कारण समोरचा जाणकार असेल तर पहिल्याच पानावर तुमच्या सगळ्या कागदावरचा विश्वास उडेल.

मग बदलले काय? माझ्या अनुभवात अशा वेळी तीनपैकी एक गोष्ट बदललेली असते: विमानांची संख्या, त्यांच्या वेळा किंवा धावपट्टीची दिशा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते. मुंबईत वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा, म्हणून उतरणाऱ्या विमानांचा आवाज घाटकोपर-कुर्ल्याच्या वाट्याला आणि उड्डाणांचा आवाज विलेपार्ले-जुहूच्या वाट्याला येतो. हिवाळ्यात काही वेळा पहाटे वारा पूर्वेकडून वाहतो आणि बाजू उलटतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच पूर्ण क्षमतेने चालते आणि बहुतेक भार मुख्य धावपट्टीवर पडतो. ती दुरुस्तीसाठी बंद झाली, की तिरप्या १४-३२ धावपट्टीखालच्या वस्त्यांना अचानक विमाने दिसू लागतात. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात मुख्य धावपट्टी आठवड्याचे सहा दिवस दिवसा आठ तास बंद होती. तेव्हा अंधेरी पश्चिमेच्या एका सोसायटीने मला बोलावले होते. ‘आमच्यावरून नवा हवाई मार्ग टाकला’ असा त्यांचा समज झाला होता. त्याच महिन्यांत तुमच्याकडे दिवसाची बरीच शांतता असणार. जुन्या रहिवाशांना विचारून पाहा.

तिसरी गोष्ट मोबाइलच्या मापनाची. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो दबतो, आणि प्रत्येक फोनचा आकडा वेगळा येतो. मापन करायचे असेल, तर प्रमाणित ध्वनिमापक भाड्याने मिळतो. त्याच्यासोबत ९४ डेसिबलचा ठरलेला सूर काढणारा छोटा कॅलिब्रेटर असतो. मापनाच्या आधी आणि नंतर तो माइकवर बसवून आकडा तपासायचा आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. माइकवर वाऱ्यासाठीचा स्पंज हवाच. जागा म्हणून सगळे गच्ची निवडतात, ते योग्यच; पण गच्चीवर काय काय वाजते याचा कुणी विचार करत नाही. घाटकोपरच्याच एका गच्चीवर मी सलग तीन रात्री मापन केले होते. पहिल्या रात्रीची सगळी मेहनत पहाटे साडेचारला वाया गेली, कारण पाण्याचा पंप सुरू झाला, टाकी भरून वाहू लागली आणि पत्र्यावर पडणाऱ्या त्या पाण्याचा आवाज ६८ डेसिबल भरला. दुसऱ्या रात्री मी वॉचमनला सांगून पंपाची वेळ बदलून घेतली आणि कबुतरांसाठी ठेवलेली ताटलीसुद्धा हलवली. तुम्हीही मापन कराल, तेव्हा अशा प्रत्येक आवाजाची वेळ टिपून ठेवा, म्हणजे तो काळ हिशेबातून वगळता येईल.

महागड्या मापनाआधी मात्र एक साधी वही सुरू करा. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी, शक्यतो वेगवेगळ्या मजल्यांवरच्या, सलग तीन आठवडे रात्री दहा ते सकाळी सहामध्ये जाग आणणाऱ्या प्रत्येक विमानाची वेळ मिनिटासह लिहावी. सकाळी त्या वेळा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपशी ताडून विमानाचा उड्डाणक्रमांक आणि प्रकार समोर लिहावा. शेजारच्या रकान्यात त्या वेळचा वारा लिहावा. विमानतळाचा हवामान अहवाल दर अर्ध्या तासाने प्रसिद्ध होतो आणि तो कुणालाही पाहता येतो. तीन आठवड्यांत तुमच्या हातात असा कागद येईल, की ज्यावरून रात्री किती विमाने, कोणत्या तासात, कोणत्या प्रकारची आणि वारा मंद असतानाही २७वरच का उतरवली, हे सगळे प्रश्न विचारता येतील. नुसता ‘असह्य त्रास’ हा शब्द दहा वेळा लिहून जे साधत नाही, ते अशा एका तक्त्याने साधते.

आता मागायचे काय, आणि काय मागून उपयोग नाही, याबद्दल मी तुम्हाला आडपडदा न ठेवता सांगतो.

धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर वैमानिकाच्या हातात आवाज कमी करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. तिथे पोहोचेपर्यंत चाके खाली आलेली असतात, पंखांमागच्या झडपा म्हणजे फ्लॅप उघडलेले असतात आणि विमान ठरलेल्या वेगात स्थिर झालेले असते. ते तसे असणे सुरक्षिततेसाठी बंधनकारक आहे. सलग उतरण (मध्ये सपाट न उडता एकसारखे खाली येणे) म्हणून जी पद्धत सांगितली जाते, तिचा फायदा दहा-वीस किलोमीटर मागच्या लोकांना होतो, तुम्हाला नाही. फ्रँकफर्टच्या एका धावपट्टीवर ३.२ अंशांचा उतार वापरतात, तसा इथे का नाही, असे काही रहिवासी विचारतात. हिशेब करून पाहिला तर तुमच्या इमारतीवर विमान आताच्यापेक्षा फक्त सुमारे १० मीटर जास्त उंचीवरून जाईल आणि आवाज एका डेसिबलपेक्षाही कमी उतरेल. कानाला तो फरक कळणारही नाही. रात्री उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी इंजिनांचा उलट जोर (रिव्हर्स थ्रस्ट) कमी लावावा, ही मागणी धावपट्टीलगतच्या जरीमरी आणि सहारच्या लोकांसाठी मोलाची आहे, तुमच्यासाठी नाही. उड्डाणानंतर लवकर उंची गाठण्याची पद्धत विलेपार्ल्याच्या कामाची. पार्ल्याच्या रहिवाशांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की त्यांच्या वहीतला हेलिकॉप्टरचा आवाज जुहूच्या वेगळ्या विमानतळाचा असतो आणि त्याची तक्रार वेगळी करावी लागते. दोन्ही एकत्र केल्या की दोन्ही अडकतात.

तुमच्यासाठी तीन मागण्या खऱ्या अर्थाने उपयोगाच्या आहेत. पहिली लहान आहे, पण तिला ठोस तांत्रिक आधार आहे. एअरबस ए-३२० कुळातली विमाने उतरताना एक चिरकी शीळ ऐकू येते, ती तुम्हीही ऐकली असेल. पंखाखाली इंधनटाकीच्या दाबासाठी गोल छिद्रे असतात आणि त्यांच्यावरून वाहणारी हवा, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी वाजते. त्या छिद्रांपुढे पत्र्याची लहानशी पट्टी बसवली की ती शीळ जाते. लुफ्तान्साने २०१४पासून आपल्या विमानांना ती बसवली आणि नवी विमाने ती घेऊनच येतात. रात्री मुंबईत उतरणाऱ्या जुन्या ए-३२० विमानांपैकी किती विमानांना ती आहे, हे विचारा आणि नसलेल्या विमानांना रात्रीच्या वेळा देऊ नयेत, असे मागा.

दुसरी मागणी दिशेची. रात्री एक ते चारच्या दरम्यान वारा मंद असेल आणि गर्दी कमी असेल, तर काही विमाने समुद्राच्या बाजूने ०९वर, म्हणजे त्याच मुख्य धावपट्टीवर उलट दिशेने, उतरवता येतील का, याचा लेखी अभ्यास मागा. थोडा पाठवारा चालतो, पण त्याला मर्यादा आहे आणि समोरासमोरची वाहतूक सांभाळणे नियंत्रकांना जिकिरीचे असते. शिवाय तुमच्यावरचा आवाज हटला की तो जुहू-पार्ल्यावर जाईल. म्हणून ही मागणी आलटून-पालटून विश्रांती देण्याची असावी. लंडनच्या हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या असल्याने ते दुपारी तीनला धावपट्टी बदलतात आणि प्रत्येक वस्तीला दिवसाचा ठरलेला निवांत काळ मिळतो. आपल्याकडे तितके शक्य नाही, पण आठवड्यातल्या काही रात्रींचे काही तास मिळाले, तरी ते कमी नाही. ही मागणी करताना पार्ल्याच्या लोकांना आधी भेटा. दोन वस्त्यांनी एकमेकींविरुद्ध अर्ज केले, तर दोन्ही अर्ज फाइलला लागतात.

तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिची वेळ आत्ताची आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. काही उड्डाणे तिकडे जातील तसतशा सांताक्रूझच्या वेळा रिकाम्या होतील, आणि कुणी काही मागितले नाही तर त्या पुन्हा भरतील. रात्री बारा ते पाचमधल्या ज्या वेळा रिकाम्या होतील, त्या पुन्हा कुणाला देऊ नयेत, असा अर्ज आजच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणि विमानतळ चालकाकडे नोंदवा. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सहामध्ये वर्षाला ५,८०० विमानांची कमाल मर्यादा आहे. फ्रँकफर्टला २०११पासून अकरा ते पाच नियमित उड्डाणे बंद आहेत. सिडनीत १९९५च्या कायद्याने अकरा ते सहा निर्बंध आहेत. मुंबईत संपूर्ण रात्रबंदी मागू नका, ती मिळणार नाही. युरोपातल्या शहरांनी स्वतःच्या रात्री शांत ठेवल्यामुळेही तिकडची बरीच विमाने आपल्याकडून मध्यरात्री सुटतात आणि मध्यरात्री येतात. पण वरची मर्यादा बांधणे आणि ती दरवर्षी थोडी खाली आणणे, ही मागणी वाजवी आहे. तोच धडा नवी मुंबई विमानतळाजवळच्या उलवे आणि करंजाडेच्या लोकांनीही आत्ताच घ्यावा. तिथे घर घेताना इमारतीच्या उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्र दाखवले जाते. ते फक्त उंचीबद्दल असते, आवाजाबद्दल त्यात एक अक्षरही नसते.

अर्ज कुणाकडे, हेही सांगतो, कारण निम्मी पत्रे चुकीच्या टेबलावर जातात. धावपट्टी कोणती वापरायची हे हवाई वाहतूक नियंत्रण ठरवते आणि ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. ध्वनिमापन केंद्रे आणि त्यांचे अहवाल विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे. नियम महासंचालनालयाचे. आवाजाची मर्यादा मोडल्याचा पुरावा असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. माहितीच्या अधिकारात महासंचालनालय आणि प्राधिकरण यांच्याकडे रात्रीच्या तासागणिक विमानांची संख्या व धावपट्टीचा वापर मागा. ‘आवाज किती आहे’ असे मोघम विचारू नका. उत्तर समाधानकारक नसेल, तर हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे, पण तिथे जाण्याआधी तुमची वही आणि निदान आठवडाभराचे प्रमाणित मापन हातात असायला हवे.

हे सगळे होईपर्यंत वर्ष जाईल आणि तुमच्या आईंना झोप आजच हवी आहे. तेव्हा या महिन्यात एक खोली नीट करा, संपूर्ण घर नव्हे. तुमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असणार. त्या बंद केल्या तरी दोन तावदानांच्या मधल्या फटीतून आवाज येतच राहतो. त्यांच्या आतल्या बाजूला, किमान १० सेंटिमीटर अंतर सोडून, जाड लॅमिनेटेड काचेची, रबरी कडा असलेली, घट्ट मिटणारी दुसरी खिडकी बसवून घ्या. त्याआधी भिंतीतली भोके शोधा. खिडकीच्या क्षेत्राच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी काच कितीही चांगली असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. ती एक टक्का जागा बहुधा एसीच्या नळीभोवती किंवा खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराच्या लूव्हरमध्ये सापडते. नळीभोवतीची फट पुट्टीने भरा. न्हाणीघराच्या दाराला खालून रबरी पट्टी लावा आणि रात्री ते दार मिटून ठेवा. पलंग खिडकीच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावा. काम झाल्यावर त्याच ध्वनिमापकाने आत आणि गॅलरीत एकाच वेळी आकडे घेता आले, तर तेही वहीत लिहा, कारण प्रत्येक घराला असे काम करून देण्याचा खर्च कुणी उचलावा, हा पुढच्या अर्जाचा विषय होऊ शकतो.